आंब्याखालची हरळी, हुपरीची चांदी आणि तांब्याची तार

या खेपेला आलेल्या पत्रांत एक हिरवळीचं आहे, एक चांदीचं आणि एक स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनचं. उत्तरं लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की तिन्हीकडं मुळात एकच गोष्ट तपासायची आहे: समोरच्या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला कुठल्या ऊर्जेचा प्रकाश घेता येतो आणि कुठला घेता येत नाही. म्हणून ती एकत्रच देतो आहे. शेवटी आजऱ्याहून आलेलं एक छोटं पत्र आहे, तेही याच घरातलं.

प्रश्न: सर, नागाळा पार्कात आमच्या घरापुढं पंधरा बाय वीस फुटांची हिरवळ आहे. माळीकाकांनी साधी हरळीच लावली. फाटकाकडची बाजू सुरेख आली, पण आंब्याखाली पातं लांब, फिकट आणि विरळ. मधून माती दिसते. दोनदा युरिया टाकला, पाणी वाढवलं, फरक नाही. मुलगा म्हणतो, परदेशातल्या फुटबॉलच्या मैदानांवर लावतात तसे गुलाबी दिवे लावू. लावावेत का?

उत्तर: ताई, दिवे नकोत. आंब्याखाली युरिया तर अजिबात नको. कारणं नीट समजून घ्या, कारण माळीकाकांनाही तुम्हालाच पटवायचं आहे.

हरळी ही उसाची बहीण. दोन्ही गवत कुळातली, आणि उन्हापासून साखर करायची दोघींची रीत एकच. ही रीत उघडकीला आली तीही उसाच्या पानातच. १९६५ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी दाखवलं, की उसाच्या पानात कार्बन पहिल्यांदा चार कार्बन अणूंच्या संयुगात जातो. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी त्यामागची साखळी मांडली. म्हणून अशा वनस्पतींना सी-४ म्हणतात. पानातल्या पानात कार्बन डायऑक्साइड दाबून भरणारा हा पंप आहे, म्हणून मे महिन्यातल्या उन्हात बाकी झाडं मलूल होतात तेव्हा हरळी आणि ऊस जोमात असतात. पण पंप चालवायला जादा ऊर्जा लागते. भरपूर ऊन असेल तर तो खर्च जाणवत नाही, सावलीत तोच अंगावर येतो. आपल्याकडं शेतकरी हरळीच्या काशा खणून खणून थकतो, इतकी ती चिवट; पण दाट सावलीपुढं तिचा इलाज चालत नाही.

हे झालं प्रकाश किती पडतो त्याबद्दल. तो कसला पडतो, हे त्याहून महत्त्वाचं. प्रकाशाची ऊर्जा काढायची सोपी रीत लक्षात ठेवा: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीनं भागायचं, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येतं, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाची ऊर्जा मोजायच्या एककात. आंब्याच्या पानातलं हरितद्रव्य मुख्यतः निळा आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश खातं. ६६० चा तांबडा म्हणजे १.८८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याच्या पलीकडं, ७३० नॅनोमीटरजवळ, जो दूर-तांबडा आहे तो १.७० चा. आकड्यांत फरक थोडा, पण हरितद्रव्याच्या इलेक्ट्रॉनला तेवढ्यानं उडी मारता येत नाही, म्हणून दूर-तांबडा पानातून आरपार खाली येतो. आपल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, म्हणून आपल्याला आंब्याखाली नुसती सावली दिसते. गवताला मात्र दिसतो. त्याच्या पात्यात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. ते ६६० च्या प्रकाशानं एका रूपात आणि ७३० च्या प्रकाशानं दुसऱ्या रूपात जातं. उघड्या उन्हात दोन्ही प्रकाश जवळपास बरोबरीचे असतात. दाट झाडाखाली तांबडा दूर-तांबड्याच्या पाचव्या हिश्शाच्याही खाली जातो. फायटोक्रोमच्या या तोलावरून रोप ओळखतं, की डोक्यावर कुणाची तरी पानं आहेत. मग ते फुटवे काढायचं थांबवतं आणि आहे ती साखर उंची वाढवण्यात घालतं. तुम्ही लिहिलेली लांब, फिकट, विरळ पाती ही तीच. ते गवत आजारी नाही. ते उजेड शोधतं आहे.

आता युरिया का नको ते. नत्र मिळालं, की गवत नवं पान काढतं, पण पानाचा सांगाडा बनतो साखरेतून, आणि सावलीत साखर तयारच होत नाही. मग जमिनीखालच्या काशांत साठवलेली शिल्लक खर्च होते. चार दिवस हिरवेपणा येतो, त्यानंतर पाती मऊ पडतात, आणि जून-जुलैच्या आपल्या झडीत बुरशीला आयतं खाद्य मिळतं. पाणी वाढवून तुम्ही तिला मदतच केली असणार. युरिया उन्हातल्या बाजूला द्या. त्यात ४६ टक्के नत्र असतं. चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र हा हिरवळीला सोसणारा हप्ता, म्हणजे शंभर चौरस फुटांना साधारण शंभर ग्रॅम युरिया. टाकल्यावर लगेच पाणी, नाहीतर पाती करपतात.

मुलाचं म्हणणं चुकीचं नाही, त्याचा हिशेब तेवढा राहून गेला आहे. युरोपातल्या मोठ्या मैदानांच्या गॅलऱ्या इतक्या उंच असतात, की हिवाळ्यात अर्ध्या गवतावर ऊन येतच नाही. तिथं चाकांच्या सांगाड्यांवर दिवे टांगून ते मैदानभर फिरवतात. पूर्वी सोडियमचे असत, आता एलईडी आले. गुलाबी रंग येतो तो तांबडा आणि निळा मिसळून. तांबडा देणारा स्फटिक ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम आणि फॉस्फरसचा, निळा देणारा गॅलियम नायट्राइडमध्ये इंडियम मिसळून केलेला. स्फटिकात इलेक्ट्रॉनच्या दोन मजल्यांमध्ये जेवढी ऊर्जेची पोकळी, तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश तिथून बाहेर पडतो. ती पोकळी हरितद्रव्याच्या भुकेशी जुळवून घेतली, एवढंच त्या दिव्यांचं मर्म. निळा जमायला फार वर्षं गेली. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. माझ्या मते ते पुरस्कार मिळालेल्या सर्वांत उपयोगी कामांपैकी एक आहे.

पण घरच्या हिरवळीला ते कसं परवडेल ते बघा. हरळीला दाट राहायला रोज दर चौरस मीटरला साधारण २० मोल फोटॉन हवेत. फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण, आणि डझनासारखं मोल हे त्यांच्या मोजणीचं फार मोठं माप. समजा निम्मे आंब्याच्या पानांतून मिळतात आणि १० मोल दिव्यांनी द्यायचे आहेत. चांगला एलईडी दर ज्यूलमागं सुमारे अडीच मायक्रोमोल, म्हणजे मोलाचे अडीच दशलक्षांश, देतो. म्हणजे ४० लाख ज्यूल. विजेचं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं. थोडक्यात, दर चौरस मीटरला रोज १.१ युनिट. शंभर चौरस फूट, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटरना रोज दहा युनिट आणि महिन्याला तीनशे. तेही आंबा निम्मं ऊन सोडतो असं धरून. तुमचा आंबा तेवढं सोडत असता तर तुम्ही मला लिहिलंच नसतं.

मग करायचं काय? आधी मोजा. मोबाइलवर उजेड मोजायचं कुठलंही ॲप घ्या, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला एकदा उघड्यावर आणि एकदा आंब्याखाली, फोन आडवा जमिनीवर ठेवून आकडा लिहा. ते ॲप डोळ्याला दिसणारा उजेडच मोजतं, दूर-तांबडा त्यात येत नाही, तरी प्रमाण कळायला पुरेसं. आंबे उतरले, की झाडाच्या खालच्या फांद्या आणि आतली गर्दी काढून घ्या. शेंडा नका छाटू. फांद्यांच्या खालून सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत आलं पाहिजे. त्या भागातलं गवत दोन-अडीच इंचांच्या खाली कापू नका, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. गवताचा वाढीचा कोंब पात्याच्या टोकाला नसतो, जमिनीलगत असतो, म्हणूनच त्याला कापणी आणि चरणं सोसतं. पण कोंबाला पोसायला वर पान तर शिल्लक राहिलं पाहिजे ना?

एवढं करूनही रोज चारेक तास थेट ऊन पोचलं नाही, तर हरळीचा हट्ट सोडा. रुंद पानाचं कार्पेट गवत सावली बरंच सोसतं. पावसाच्या तोंडावर फुटवे लावले, की आपल्या हवेत झपाट्यानं धरतं. बुंध्याभोवतीचं वर्तुळ तर मोकळंच ठेवा, तिथं आंब्याच्या मुळ्या पाण्यात वाटा मागतात. एक बाक टाका. आंब्याच्या सावलीत बसायला जागा असणं हे हिरवळीपेक्षा कमी आहे असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न: आमचं हुपरीला तीन पिढ्यांचं पैंजणाचं काम. सोनं पिवळं, तांबं तांबूस आणि चांदी पांढरी का? तिन्ही धातूच ना? आणि चांदीच काळी का पडते? गिऱ्हाईक येऊन म्हणतं, की तुमच्या मालात भेसळ आहे.

उत्तर: दादा, तुमचा प्रश्न विद्यापीठातल्या परीक्षेत शोभेल असा आहे. तांबं, चांदी आणि सोनं हे आवर्तसारणीत एकाच उभ्या रांगेत, एकाखाली एक बसतात. तिन्हींत प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो, आणि त्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळंच धातूला चकाकी येते. पडेल तो प्रकाश ते परत फेकतात. रंगाचं कारण त्यांच्या खाली दाटीनं बसलेल्या इलेक्ट्रॉनांत आहे. त्यांना उचलून वरच्या रिकाम्या जागी नेईल एवढ्या ऊर्जेचा प्रकाश आला, तर धातू तो परत फेकण्याऐवजी गिळतो. तांब्यात हा उंबरठा सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सोन्यात सुमारे २.४ आणि चांदीत ४ च्या आसपास. वरची रीत लावून पाहा. २.१ म्हणजे ५९० नॅनोमीटर, पिवळ्या-नारिंगीपाशी. त्याच्या पलीकडचा हिरवा-निळा तांबं गिळतं आणि तांबूस तेवढा परत येतो. सोन्याचा उंबरठा हिरव्यापाशी येतो, ते निळा गिळतं आणि पिवळं दिसतं. चांदीचा उंबरठा अतिनील प्रकाशात, आपल्या नजरेपलीकडं. म्हणून दिसणारे सगळे रंग चांदी सारखेच परत करते, आणि तिच्याइतका दिसणारा प्रकाश परत करणारा दुसरा धातू नाही.

सोन्यात आणखी एक गंमत आहे, आणि ती मला दर वेळी तितकीच थक्क करते. सोन्याच्या अणूच्या गाभ्यात ७९ प्रोटॉन. त्यांच्या ओढीनं अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगानं फिरतात. एवढ्या वेगाला आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लागू होतात. त्यामुळं बाहेरच्या कक्षांची मांडणी बदलते आणि तो उंबरठा खाली उतरतो. तसं नसतं, तर कोल्हापुरी साज चांदीसारखाच पांढरा दिसला असता.

काळेपणाचं सांगतो, ते गिऱ्हाईकालाही सांगा. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असतो. गटार, रबर, लोकर, अंड्याचा बलक, सगळीकडून येतो. त्याच्याशी चांदीची सांगड होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. हा थर धातू नाही, अर्धवाहक आहे, म्हणजे वीज धातूपेक्षा खूप कमी वाहू देणारा, आणि त्यातली पोकळी सुमारे १ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. दिसणारा प्रकाश साधारण १.६ ते ३.२ मध्ये येतो, म्हणजे सगळाच त्या पोकळीहून मोठा, सगळाच गिळला जातो. म्हणून काळं. थर पातळ असताना आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळसर झाक दिसते, ती थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या एकमेकांतल्या मिसळीमुळं. शुद्ध चांदीही काळी पडते. नुसत्या काळेपणावरून भेसळ ठरवता येत नाही. पावडरीनं घासलं, की सल्फाइडबरोबर चांदीही जाते, दर वेळी थोडी. त्यापेक्षा भांड्याच्या तळाला ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर दागिना फॉइलला टेकलेला, वर कढत पाणी आणि खायचा सोडा. गंधक ॲल्युमिनियमकडं जातं आणि चांदी दागिन्यावरच राहते. खड्यांच्या आणि मुद्दाम काळवलेल्या नक्षीच्या मालाला मात्र हे करू नका.

प्रश्न: सर, मी एम.एस्सी. भाग एकला आहे. वर्गात शिकवलं, की परिपूर्ण स्फटिकात इलेक्ट्रॉन कुठंही न आपटता जातो. तांब्यात अणू इतके चिकटून असताना हे पटत नाही. आणि आपटत नसेल तर तार तापते कशी?

उत्तर: पटत नाही म्हणालीस हे चांगलं केलंस. १९२८ पर्यंत मोठमोठ्यांनाही पटत नव्हतं. त्या वर्षी लाइपझिगला हायझेनबर्गकडं पीएच.डी. करणाऱ्या फेलिक्स ब्लॉखनं, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलानं, दाखवलं की अणू काटेकोर अंतरा-अंतरानं बसलेले असले तर इलेक्ट्रॉनची लाट त्यांच्यामधून अखंड जाते. लाटेचा आकार दर अणूपाशी थोडा बदलतो, आणि तो बदल सगळीकडं सारखाच असतो. अडथळा अणूंचा नाही, अणूंच्या बेशिस्तीचा.

घरी करून बघ. एक दोरी सैल ताणून तिला सारख्या लांबीचे दोन लंबक टांग. एकाला झोका दे. थोड्या वेळात तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो, मग परत पहिला. आता दोघांना एकाच बाजूला एकदम सोड आणि वेळ मोज. नंतर विरुद्ध बाजूंना सोडून मोज. दोन्ही वेळा झुलण्याची गती थोडी वेगळी येते. एकट्या लंबकाची एकच गती होती, जोडीच्या दोन झाल्या. तीन टांगलेस तर तीन. तांब्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये ८ वर २२ शून्यं इतके अणू असतात. प्रत्येक अणूची एकेक पातळी एवढ्या पातळ्यांत पसरली, की तिचा पट्टा होतो. पट्टा अर्धा भरलेला असेल तर धातू, पूर्ण भरलेला आणि पुढचा पट्टा दूर असेल तर हिऱ्यासारखा निरोधक, ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची पोकळी असलेला. सिलिकॉनची पोकळी १.१२, म्हणून तो मधला.

तार तापते ती दोन कारणांनी. एक भेसळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, दोन्ही चांगले वाहक, तरी नेहमीच्या पितळाचं वहन शुद्ध तांब्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतकं, कारण जस्ताचे अणू वाटेल तिथं बसतात. दुसरं कारण थरथर. साध्या तापमानालाही अणू जागच्या जागी हलत असतात. तांब्यात घरच्या तापमानाला इलेक्ट्रॉन सुमारे ४० नॅनोमीटर जाऊन दिशा बदलतो, शेजारच्या दोन अणूंतलं अंतर ०.२५६ नॅनोमीटर. म्हणजे दीडशे अणू ओलांडून. प्रयोगशाळेत बारीक तारेचं वेटोळं आधी बर्फात, मग उकळत्या पाण्यात बुडव आणि रोध मोज. सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला दिसेल. अणूंना नुसतं आपटूनच रोध येत असता, तर तो तापमानानं इतका बदलला नसता. अणूंची संख्या तर तेवढीच आहे.

हे पट्टे आता कागदावर राहिलेले नाहीत. स्फटिकावर अतिनील प्रकाश टाकून बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन मोजला, की आत तो कुठल्या पट्ट्यात, किती संवेगानं होता ते काढता येतं. इंदूरला इंडस-२ नावाचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर प्रकाश काढणारं यंत्र, आहे, अशा कामाला लागणारा प्रकाश तिथं मिळतो. तुमच्या विभागातल्या संशोधकांना विचार, आणि संधी मिळाली तर जा. पुस्तकातल्या आकृतीतला वक्र पडद्यावर खऱ्या मोजमापातून उमटताना बघितलास, की हा विषय तुझा होईल.

प्रश्न: गवतात सिलिकॉन असतं असं वाचलं. संगणकाच्या चिपमधलं तेच का? (एक शिक्षक, आजरा)

उत्तर: मूलद्रव्य तेच, मांडणी वेगळी. मुळं जमिनीतून विरघळलेलं सिलिकॉन ओढतात आणि पानात ते सिलिका म्हणून साठतं, ऑक्सिजनशी जोडलेलं आणि पाणी धरून राहिलेलं. आजऱ्याचा घनसाळ असो की कुठलाही भात, भाताच्या वाळल्या काडात वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते. उसाचा पाला हाताला कापतो आणि विळ्याची धार लवकर बोथट होते, त्यात तिचा मोठा हात. ती स्फटिक नाही. तिचे अणू रांगेत बसलेले नाहीत. चिपमधलं सिलिकॉन शुद्ध आणि एकसलग स्फटिक असतं, म्हणून त्यातल्या इलेक्ट्रॉनांवर ताबा ठेवता येतो. सिलिकेची पोकळी तर ९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, दिसणाऱ्या प्रकाशाला ती अडवतच नाही. म्हणून गवतानं पानाच्या अगदी वरच्या थरात ती साठवली, तरी खालच्या हरितद्रव्याचं काही अडत नाही.